तापीच्या बाजूची खिडकी

"कोणत्या गाडीनं आलास?" बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, दोंडाईचाहून सकाळच्या गाडीनं.

"कुठल्या बाजूला बसला होतास?"

खोली भाड्यानं मागायला आलेल्या माणसाला घरमालकीण काय काय विचारू शकते, याची मी वाटेत तयारी केली होती. लग्न झालंय का, अंडी खातोस का, नोकरी पक्की आहे का, रात्री किती वाजता येशील. हा प्रश्न त्यात नव्हता. मी खरं ते सांगितलं. "लक्षात नाही. मला झोप लागली होती."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "नंदुरबारपर्यंत उजव्या हाताला सातपुडा होता," त्या म्हणाल्या. "आणि तू झोपलास." मग मान वळवून आतल्या खोलीला उद्देशून म्हणाल्या, "अहो, हा झोपला होता म्हणे."

आतून शांत आवाज आला, "दमला असेल. चहा टाकू का?"

ते अण्णा. त्यांच्या चहामुळेच मला खोली मिळाली असं मी बरेच दिवस समजत होतो. पुढे कळलं की माझ्या आधी एक बँकेतला माणूस येऊन गेला होता. तो म्हणाला होता की खिडकीत ऊन लागतं म्हणून तो मुद्दाम आतल्या बाजूला बसतो. त्याला चहासुद्धा मिळाला नव्हता. झोपलेला माणूस सुधारू शकतो, असं बाईंचं मत पडलं.

हे नव्वदच्या दशकातलं सुरत. मी हजीऱ्याला एका ठेकेदार कंपनीच्या ऑफिसात लागलो होतो. अडाजणला बाईंचं दुमजली टेनामेंट होतं. खाली बाई आणि अण्णा, वर गच्चीला लागून माझी खोली. बाई मराठी शाळेतून भूगोलाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. शाळेत बहुतेक मुलं आमच्या खानदेशातली, लूमवर काम करणाऱ्यांची. ती मुलं आता बाप्ये झाली होती, तरी रस्त्यात बाई दिसल्या की सायकलवरून उतरत. सोसायटीतले गुजराती शेजारीसुद्धा त्यांना 'बाई'च म्हणायचे. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. अंगानं काटकुळे आणि बोलायला बेताचे. बाई मात्र उंच, रुंद, भारदस्त. दोघं स्कूटरवरून निघाली की लांबून फक्त बाईच दिसायच्या आणि स्कूटर कोण चालवतंय असा प्रश्न पडायचा.

बाईंचं असं होतं की माणूस कुठं जातो याला महत्त्व नाही, कुठल्या बाजूला बसून जातो याला आहे. रिक्षातून तापीच्या पुलावरून जायचं असलं तर त्या आधी चौकशी करत की नदीत पाणी कुठल्या अंगाला जास्त आहे, आणि मग त्या अंगाला बसत. अण्णा आधीच तिथं बसलेले असले तर त्यांना उतरून, रिक्षाला वळसा घालून पलीकडून चढावं लागे. रिक्षावाला मीटर टाकून बघत राही. पण या सगळ्या किरकोळ गोष्टी. बाईंचा खरा विषय होता विमान.

त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेल्या होत्या. थोरली दिल्लीला, धाकटी कलकत्त्याला. बाईंची कंबर दुखते म्हणून मुली त्यांना विमानाची तिकिटं पाठवायच्या. सुरतेहून दिल्लीला थेट गाडी जाते. पण बाईंची कंबर दिल्लीच्या गाडीत दुखायची आणि मुंबईच्या गाडीत दुखायची नाही. म्हणून दोघं आधी गाडीनं दक्षिणेला मुंबईला जात, तिथं विमानात बसत आणि परत उत्तरेला, सुरतेच्या डोक्यावरून दिल्लीला जात.

"आम्ही मुंबईला कशाला जातो माहीत आहे का?" अण्णा एकदा मला म्हणाले. "सुरतेवरून जाता यावं म्हणून."

त्या काळी विमानातली जागा काउंटरवर मिळायची. काउंटरवरच्या मुलीसमोर सगळ्या जागांचे नंबर चिकटवलेला कागद असायचा, त्यातला एक सोलून ती आपल्या पासावर चिकटवायची. बाई विमानाच्या इतक्या आधी विमानतळावर पोचत की कधीकधी ती मुलगीच आलेली नसे. मग त्या काउंटरसमोर पहिल्या उभ्या राहत. कंबर तिथंही दुखायची नाही. मुलगी आली की त्यांचा तास सुरू होई. पंखाच्या पुढची जागा हवी. पंखावरची दिली तर त्या म्हणत, "पंखा घरी आहे आमच्या." सकाळी उत्तरेला जाताना डावी बाजू, म्हणजे डोळ्यांवर ऊन येत नाही. खिडकी रांगेच्या बरोबर समोर हवी, दोन खिडक्यांच्या मधली भिंत नको. हे त्या मुलीला ठाऊक नसे. मग बाई तिला सांगत की जाऊन बघून ये, मी थांबते.

विमानाच्या आदल्या दिवशी बाई डोक्याला तेल लावत नसत, कारण कपाळ टेकलं की काचेला तेल लागतं. आठवडाभर आधीपासून त्या गच्चीवर मानेचे व्यायाम करत. डावीकडे बसायचं असेल तर मान फक्त डावीकडे. पलीकडच्या गच्चीत पापड वाळत घालणाऱ्या बेनला बरीच वर्षं वाटत होतं की बाई तिच्याशी बोलायला मान वळवतात आणि मग बोलत नाहीत. विमानात जेवण आलं की बाई ते रुमालात बांधून ठेवत. त्यांचं म्हणणं, हे लोक बरोबर बघण्यासारखं आलं की ताट पुढे करतात. शेजारच्या प्रवाशानं बोलायला सुरुवात करू नये म्हणून अण्णांना मधे बसवलेलं असे.

एकदा कप्तानानं जाहीर केलं की उजव्या बाजूच्या प्रवाशांना आता एक मोठा तलाव दिसेल. बाई डावीकडे होत्या. त्यांनी हवाई सुंदरीला बोलावलं आणि सांगितलं, "तुमच्या साहेबांना म्हणावं, डावीकडेही माणसं बसलीत." पुढं काही वेळानं कप्तानानं जाहीर केलं की डाव्या बाजूला सध्या काही नाही, क्षमस्व. हे मला अण्णांनी सांगितलं, आणि अण्णा काही रचून सांगणारे नव्हते.

हे वेड कुठून आलं ते बाईंनीच मला सांगितलं. गच्चीवर गहू निवडत बसल्या होत्या, मी सुट्टीचा म्हणून मदतीला बसलो होतो.

शाळेत एकदा तपासणी होती. बाईंचा तास चालू असताना साहेब येऊन मागच्या बाकावर बसले. बाई तापी शिकवत होत्या. मुलताईला उगम, खानदेशातून प्रवास, सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, मुखाशी त्रिभुज प्रदेश तयार करत नाही. फळ्यावर निळ्या खडूनं नदी काढली होती. साहेब म्हणाले, "बाई, त्रिभुज प्रदेश करत नाही म्हणजे काय करते? कसं दिसतं ते?"

"मी पुस्तकातलं सांगितलं," बाई म्हणाल्या. "मुख रुंद असतं, भरतीचं पाणी आत येतं, गाळ वाहून जातो. तर साहेब म्हणाले, तुम्ही पाहिलंय का? मी म्हटलं, नाही. तर ते म्हणाले, मीही नाही. आणि हसले."

"मग?"

"मग काही नाही. चांगला शेरा देऊन गेले." बाईंनी एक खडा उचलून गच्चीच्या कठड्यापलीकडे टाकला. "पण मला हसू आलं नाही. इतकी वर्षं मी मुलांना छातीठोकपणे सांगतेय आणि नदी इथं आठ आण्याच्या बसवर आहे."

अण्णांनी त्यांना लगेचच्या रविवारी स्कूटरवरून डुमसला नेलं होतं. दोघांनी टोमॅटोची भजी खाल्ली, किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं. बाईंचा निष्कर्ष असा की इथून चिखल दिसतो. नदी कुठं संपली आणि समुद्र कुठं सुरू झाला हे चिखलात उभं राहून कळत नाही, ते वरूनच कळणार. मी हजीऱ्याला नोकरीला आहे म्हटल्यावर त्यांनी मला आमच्या साईटवरच्या चिमणीबद्दल विचारलं होतं. तिला शिडी आहे का, आणि बाहेरच्या माणसाला परवानगी लागते का.

तेव्हापासून दिल्लीच्या प्रत्येक विमानात बाई तापीचं मुख शोधत होत्या. एकदा खाली ढग होते. एकदा विमान नेहमीपेक्षा पूर्वेकडून गेलं आणि बाईंना बराच वेळ डोंगर दिसत राहिले. एकदा सगळं जुळून आलं होतं, आकाश स्वच्छ, जागा पंखाच्या पुढची, खिडकी रांगेच्या समोर, आणि पहाटेपासून विमानतळावर उभ्या राहिलेल्या बाईंना वसईच्या पुढे झोप लागली. अण्णांनी त्यांना उठवलं नाही. दमली होती म्हणाले. त्यावरून दिल्लीत मुलीच्या घरी दोन दिवस अबोला होता.

माझ्या कंपनीनं मला एकदा दिल्लीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा घरात माझ्यापेक्षा बाईंची तयारी जास्त झाली. माझा तो पहिलाच विमानप्रवास. बाईंनी गच्चीच्या दाराशी दोन खुर्च्या मांडल्या, दार म्हणजे खिडकी, आणि मला बसवून कपाळ कसं टेकवायचं, श्वास कसा बाजूला सोडायचा म्हणजे काच धुरकटत नाही, ते दाखवलं. अण्णा हवाई सुंदरी होऊन चहा घेऊन आले तर त्यांना बाईंनी परत पाठवलं. "त्याला आत्ता खाली बघायचंय."

मला जागा मिळाली, खिडकी मिळाली, मी सांगितल्याप्रमाणे श्वास बाजूला सोडत राहिलो. आणि एका ठिकाणी मला खाली मोठी नदी समुद्राला मिळताना दिसली. परत आल्यावर मी बॅग खाली ठेवायच्या आत बाईंना सांगितलं.

त्यांनी मला खुर्चीत बसवलं. उलटतपासणी सुरू झाली. नदी सरळ आली की वळून? शहर कुठल्या काठाला होतं? पूल होते का? पूल लांब होता का? मी म्हणालो, खूप लांब होता. बाईंनी हळूच डोळे मिटले.

"तू नर्मदा बघून आलास," त्या म्हणाल्या. "भरूच होतं ते."

"अगं, नर्मदाही चांगली नदी आहे," अण्णा म्हणाले.

बाई उठून आत गेल्या. त्या दिवशी संध्याकाळी मी एसटीडी बूथवरून शिरपूरला शेजाऱ्यांकडे फोन लावून आईशी बोललो, तेव्हा तिनंही तेच विचारलं, "तापी दखी का रे?" आमचं गाव तापीकाठचं. मी म्हटलं, नर्मदा दिसली. आईला ते पुरेसं होतं, तिनं तिथूनच हात जोडले असणार. बाईंना ते पुरेसं नव्हतं.

मग एका दिवाळीत बाईंचं विमान बंद झालं. थोरली मुलगी माहेरपणाला आली होती. ती दुपारी झोपून उठली तेव्हा तिला दिसलं की आई तांदळाचं अख्खं पोतं पाठीवर घेऊन जिना चढतेय. मुलीनं काही बोलायच्या आत बाईंनी पोतं वर नेऊन ठेवलं, आणि मग कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हणाल्या. पण क्रम चुकला होता. त्यापुढे मुलींकडून रेल्वेची तिकिटं यायला लागली. बाईंनी तक्रार केली नाही. पण मानेचे व्यायाम थांबले, आणि पापडवाल्या बेननं मला जिन्यात गाठून विचारलं, "बाईने खोटुं लाग्युं छे? हवे जोता ज नथी." बाईंना आपला राग आलाय की काय, हल्ली बघतच नाहीत, असं तिचं म्हणणं.

त्याच सुमाराला कुठल्याशा खासगी कंपनीनं मगदल्ल्याच्या धावपट्टीवरून मुंबईला छोटं विमान सुरू केलं. सुरतेत त्याची भारी चर्चा. हिरेवाले आणि साडीवाले व्यापारी सकाळी जातील, संध्याकाळी परत येतील असा हिशेब होता. पण व्यापारी गाडीनंच जात राहिले, कारण गाडीत पत्ते खेळता येतात. विमान अर्धं रिकामं जायला लागलं, मग आठवड्यातून काहीच दिवस उडायला लागलं, आणि लवकरच ते बंद होणार असं सगळीकडे ऐकू यायला लागलं. बाई पेपरात ती बातमी वाचायच्या आणि पेपर घडी करून ठेवायच्या. मगदल्ला म्हणजे तापीच्या मुखापासून हाकेच्या अंतरावर. विमान उडालं की खाली तेच.

एके दिवशी अण्णा बाजारातून आले आणि भाजीच्या पिशवीतून त्यांनी आधी मेथी काढली, मग वांगी, मग विमानाची दोन तिकिटं.

बाईंनी तिकिटं हातात घेतली. "मुंबईला काय काम आहे?"

"काही नाही," अण्णा म्हणाले. "जायचं. संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं."

मीही त्याच दिवशी त्याच विमानात होतो. मला मुंबईच्या ऑफिसात जायचंच होतं, आणि बाईंनी माझ्या साहेबांना परस्पर फोन करून माझी तारीख बदलून घेतली होती. साहेब त्यांचे विद्यार्थी नव्हते, तरी नाही म्हणू शकले नाहीत.

बाईंनी सगळा अभ्यास केला होता. सुरतेहून मुंबईला जाताना समुद्र उजवीकडे. तापीचं मुखही धावपट्टीच्या त्या अंगाला. वारा समुद्राकडून, तेव्हा विमान समुद्राकडे तोंड करून उडणार. म्हणून उजवी खिडकी, पुढून पहिली किंवा दुसरी. त्या दिवशी त्या माहेरची कांजीवरम नेसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "कुणाला भेटायला जाताना आपण काही तरी बरं नेसतोच की."

विमानतळ म्हणजे एक मोठी शेडच होती. आत सामानाचा वजनकाटा. विमान इतकं छोटं की सामानाबरोबर माणसांचंही वजन करत होते. काट्यावरचा माणूस प्रत्येकाचं वजन खणखणीत आवाजात ओरडून सांगत होता. बाईंची पाळी आली तशी त्या काट्यावर चढल्या आणि त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "मनात वाचा."

त्यानं मनात वाचलं. पण त्याच्या चेहऱ्यावरून बाकीच्यांना अंदाज आला.

बाहेर विमानाच्या शिडीशी कप्तान स्वतःच उभा होता. तरुण, हसरा मुलगा. तो प्रत्येकाला जागा सांगत होता. विमानात दोन्ही बाजूंना एकेकच खुर्ची, म्हणजे प्रत्येकाला खिडकी. पण कोण कुठं बसणार हे वजनावर ठरत होतं. आमच्या पुढे एक साडीवाले शेठ होते. बाईंच्याच तोलाचे, किंबहुना थोडे वरच. हातात घारीचा, म्हणजे सुरतेच्या त्या तुपाळ मिठाईचा, मोठा डबा. कप्तानानं शेठना उजवीकडे पहिली खुर्ची दिली आणि बाईंना डावीकडे पहिली.

"मला उजवी पाहिजे," बाई म्हणाल्या.

"माताजी, दोनों भारी लोग एक तरफ़ नहीं बैठ सकते," कप्तान नम्रपणे म्हणाला. "बैलेंस का मामला है."

बाईंनी 'दोनों भारी लोग' हे शब्द गिळले. हे मी प्रत्यक्ष पाहिलं. इतकी वर्षं काउंटरवरच्या मुलींना, हवाई सुंदरींना आणि ढगांना त्या पुरून उरल्या होत्या, पण ऊन, पंख, खिडकीची रेघ या सगळ्या अभ्यासात स्वतःचं वजन त्यांनी कधी धरलं नव्हतं. त्या शेठकडे वळल्या. वजनात फार फरक नव्हता, दोघांनी अदलाबदल केली तर कप्तानाला चालणार होतं. बाईंनी गुजरातीत त्यांना विचारलं की तुम्ही डावीकडे बसाल का.

शेठ कासावीस झाले. "बेन, बीजुं कंई पण मागो," ते म्हणाले. दुसरं काहीही मागा, एवढं नको. त्यांचा डुमस रोडला नवा बंगला झाला होता. आज ते वरून जाणार म्हणून घरची सगळी माणसं अगाशीत, म्हणजे गच्चीवर, उभी होती, हातात रंगीत साड्या घेऊन. आईसुद्धा. त्यांनी काल खास चौकशी केली होती, बंगला उजव्या बाजूनं दिसतो असं त्यांना सांगितलं गेलं होतं.

ऊन चढत होतं. अण्णा हळूच म्हणाले, "मी बोलू का कप्तानाशी?"

बाईंनी हातानंच त्यांना थांबवलं. मग त्यांनी शेठना विचारलं, "आईचं वय काय?"

"एंशी उपर," शेठ म्हणाले.

"आणि उन्हात उभी केलीत?" बाई म्हणाल्या. "बसा तुम्ही उजवीकडे. बसा लवकर." आणि पदर खोचून शिडी चढून डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्यांच्या मागं मी. पलीकडे शेठ, आणि शेठच्या मागं अण्णा. अण्णांना अगदी सहज, न मागता, उजवी खिडकी मिळाली होती.

बाईंचं कपाळ काचेला टेकलेलं नव्हतं. त्या समोर कप्तानाच्या पाठीकडे बघत होत्या. माझ्या बाजूनं त्यांचा फक्त अंबाडा दिसत होता, त्यात आज मोगऱ्याचा गजरा होता. मी पुढे वाकून म्हणालो, "बाई, येताना..." मग लक्षात आलं की येताना आम्ही रेल्वेनं येणार होतो, आणि मी पुन्हा मागे टेकलो.

विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं. आणि वळलं. समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं.

मला यातलं काही कळलं नाही, पण बाईंचा अंबाडा एकदम ताठ झाला. वारा फिरला होता. विमान समुद्राकडे नव्हे, शहराकडे तोंड करून उडालं, आणि जमीन सोडल्याबरोबर डावीकडे कललं. इतकं कललं की बाईंच्या खिडकीत आकाश उरलंच नाही. फक्त खालची जमीन. डुमस रोड, झाडं, नव्या बंगल्यांच्या गच्च्या. आणि एका गच्चीवर माणसं. लाल, पिवळ्या, हिरव्या साड्या हवेत वर खाली होत होत्या.

बाई मोठ्यानं म्हणाल्या, "शेठ, इकडे."

शेठच्या खिडकीत नुसतं आभाळ होतं. त्यांनी पट्टा सोडला आणि घारीच्या डब्यासकट ते बाईंच्या अंगावर आले. विमान आणखी कललं. कप्तान मागं न बघता ओरडला, "सेठ, बैठ जाइए." शेठ बसले नाहीत. त्या एवढ्याशा खिडकीत बाई आणि शेठ यांची डोकी एकाला एक लागली होती आणि दोघं खाली हात हलवत होते. "बा छे," शेठ म्हणत होते. "पेली सफेद साडीमां, बा छे." बाई त्या म्हातारीला उद्देशून, हजार फुटांवरून, मराठीत म्हणाल्या, "आत जा आता. ऊन लागेल."

मग शेठ जाऊन बसले, रुमालानं डोळे पुसत. विमान अजून वळतच होतं. खाली तापी आली. आधी नुसती रुंद, मातकट, ओळखीची. पलीकडच्या काठाला हजीऱ्याच्या टाक्या दिसल्या, आमची चिमणीही. मग काठ एकमेकांपासून लांब व्हायला लागले. नदी पसरत गेली, वाळूचे पट्टे मधेच वर आले आणि संपले, आणि मातकट पाणी मोठ्या पंख्यासारखं समुद्रात शिरलं. बरंच आत. तिथं एक वाकडीतिकडी रेघ होती. रेघेच्या अलीकडे नदी, पलीकडे समुद्र. कुणीही बोट ठेवून दाखवावं इतकी स्वच्छ रेघ.

बाईंचं कपाळ आता काचेला टेकलं होतं. श्वास बाजूला सोडायला त्या विसरल्या होत्या, काच सारखी धुरकटत होती आणि त्या कांजीवरमच्या पदरानं पुसत होत्या. विमान सरळ झालं, रेघ मागे गेली, तरी त्या मान वळवून मागे बघत राहिल्या. मग सरळ बसल्या, आणि इंजिनाच्या आवाजाच्या वर जाईल अशा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात त्यांनी जाहीर केलं:

"त्रिभुज प्रदेश नाही."

विमानातले सगळे प्रवासी आपापल्या खिडकीतून बाहेर बघायला लागले. काय नाही ते शोधत.

शेठनी डबा उघडून सगळ्यांना घारी वाटली, ती बाईंनी रुमालात न बांधता तिथंच खाल्ली. विमानतळाबाहेर आम्ही टॅक्सीसाठी उभे राहिलो, तेव्हा मी धीर करून म्हणालो की बाई, डावी बाजूच बरोबर निघाली.

"उजवीच बरोबर होती," बाई म्हणाल्या. "वारा चुकला." मग त्या अण्णांकडे वळल्या. "तुम्हाला काय दिसलं? तुमच्या बाजूनं समुद्र किती आत मातकट होता? दमण दिसलं का?"

अण्णा पिशवीचे बंद नीट करत होते. "मी बाहेर नाही बघितलं," ते म्हणाले.

"म्हणजे? डोळे मिटून बसलात?"

"नाही," अण्णा म्हणाले. "तुझ्याकडे बघत होतो."

टॅक्सी येऊन थांबली होती, ड्रायव्हर मागचं दार उघडून उभा होता, आणि बाई कुठल्या बाजूनं चढायचं हे न विचारता समोर आलेल्या दारातून आत जाऊन बसल्या.

महिनाभरात ते विमान बंद पडलं. मीही पुढे नोकरी बदलून बडोद्याला गेलो. पण सुरतेला गेलो की बाईंकडे जायचोच, आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी बसलेलं असायचं. शेजारची बेन, नवा भाडेकरू, एखादा जुना विद्यार्थी. अण्णा चहा घेऊन आले की बाई त्यांच्याकडे बोट दाखवून सुरू करायच्या. "यांना विचारा. विमानात पहिल्यांदा आयती उजवी खिडकी मिळाली होती यांना. दमण होतं, वसईची खाडी होती, अख्खा अरबी समुद्र होता. आणि हा माणूस सुरत ते मुंबई काय बघत बसला, विचारा."

पाहुणा विचारायचा. अण्णा कपबशी खाली ठेवून आत निघून जायचे. मग बाई स्वतःच सांगायच्या, अगदी चिडून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि ऐकणाऱ्यानं मधेच दुसरा विषय काढला, तर त्याला थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करायच्या.